यादीतलं सातवं नाव

सेक्रेटरीने कागदांची सुरळी केली आणि माझ्या तोंडावर मारली. दोनदा. दुसऱ्या फटक्याला चष्मा फरशीवर पडला. हॉलमध्ये सोसायटीचे तीसेक बंगलेवाले बसले होते. भिंतीला लागून आमच्या वाडीतल्या दहा बाया उभ्या होत्या. याच लोकांच्या घरी झाडलोट, स्वयंपाक करणाऱ्या. खुर्चीतून कुणी उठलं नाही.

तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं, आजी निवृत्त झाली. खोटं आहे ते. झालं ते क्रमाने लिहिते.

लोणावळ्यातल्या त्या सोसायटीच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं कारकून होते. लोहगडाखालच्या वाडीतली, पण वसतिगृहात राहून इंग्रजीत शिकलेली. इंग्रजी पत्रं, नोटिसा माझ्याकडे असत. त्या दिवशी सेक्रेटरीने पोलिसांकडून आलेली यादी माझ्या हातात दिली.

"कामवाल्यांचं रेकॉर्ड आहे. मोठ्याने वाच. मराठीत सांग त्यांना."

वाचू लागले. नाव, वय, अटकेची तारीख, संशय चोरीचा. पहिलं नाव हौसाचं, माझ्या चुलतबहिणीचं. सातवं माझं. मी थांबले.

"का गं? स्वतःचं नाव वाचता येत नाही?" तो हसला. त्याला आधीच ठाऊक होतं. म्हणून तर मला वाचायला लावलं.

"पुढे वाचणार नाही," मी म्हणाले. तेव्हा सुरळी बसली.

आता ती अटक. ही नोकरी लागण्याआधी एका बंगल्यातले दागिने गेले. पोलिसांनी वाडीतल्या अकरा बायका उचलल्या. ठाण्यात हौसाच्या तळपायांवर पट्टा चालवला. कातडं सोलून निघालं. मी कागदावर इंग्रजीत सही केली, तर हवालदाराने केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. "वाडीवालीला सही येती व्हय?" माझा अंगठा पिळून शाईत दाबला. तुम्ही लहानपणी माझ्या ज्या पडक्या दाताला हसायचात, तो तिथे पडला.

दुसऱ्या दिवशी सोडलं. आठवड्याने दागिने मालकिणीच्याच बँकेच्या लॉकरमध्ये निघाले. आरोपपत्र नाही, खटला नाही. मी गप्प बसले. कडक इस्त्रीची साडी नेसले, नेटकं इंग्रजी लिहिलं. वाटलं, पुसलं गेलं.

काही पुसलं जात नाही. ठाण्याच्या जुन्या वह्यांतल्या नोंदी संगणकात चढल्या. सोसायटीने फाटकाच्या पाससाठी मागितल्या, ठाण्याने दिल्या. हौसाने कणसांच्या गाडीचा परवाना मागितला होता. परवाना देणाऱ्याच्या टेबलावरही हीच यादी. अर्ज नामंजूर.

हॉलमध्ये मी चष्मा उचलला. एक काच फुटली होती. सेक्रेटरीच्या हातातून यादी ओढून घेतली आणि दुसऱ्या काचेतून शेवटचा रकाना मोठ्याने वाचला. "निकाल. रिकामा. अकराही जणींचा रिकामा. सुटलो हे कुणी लिहायचं?"

"आम्हाला अटक एवढंच पुरे आहे," सेक्रेटरी म्हणाला. "वॉचमन, काढ यांना बाहेर."

वॉचमनने माझा दंड धरला. हौसा मधे घुसली. "आक्काला हात लावलास तर हात ऱ्हायाचा न्हाई तुजा!" त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त येईपर्यंत. मला पायऱ्यांवरून ढकललं. माझा हात मोडला. अकराजणींचं काम त्याच दुपारी गेलं.

मी मारहाणीची तक्रार दिली. वकील गाठला. अकराजणींच्या नावाने कोर्टात अर्ज केला: ही नोंद काढा, कुणालाही देऊ नका.

मग सेक्रेटरीचा फोन आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला 'मॅडम' म्हणाला. "ठाण्यातल्या साहेबांशी बोललोय. तुमचं नाव काढून घेतो. कामावर परत या. तुम्ही शिकलेल्या आहात, त्या बायांसारख्या नाही. तेवढी तक्रार आणि कोर्टाचं मागे घ्या."

शेजारी हौसा बसली होती. तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "तू सूट, आक्का. एक तरी सुटंल."

लाज वाटली मला. इतकी वर्षं मी हेच तर करत आले होते. एकटीच सुटत होते.

मी फोनवर सांगितलं, "अकरा नावं एकदम निघतील. माझं एकटीचं काढलंत, तर ठाण्यात जाऊन मी ते पुन्हा लिहायला लावीन."

आणि लावीन.