पुलापलीकडे सोडलेली मांजर

आमच्या घरी गॅस आला तेव्हा सगळे म्हणाले, पोरानं आईला धुरातून सोडवलं. ते खोटं नव्हतं. सत्तरच्या दशकात सांगलीत गॅससाठी नंबर लावून वाट बघावी लागे, आणि फुंकणी फुंकताना आईच्या डोळ्यांतून सारखं पाणी यायचं. आजही कुणी चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करू लागलं की मी म्हणतो, आधी आठवडाभर चूल फुंका, मग बोला.

तरी एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. नातेवाईक जमले की अजून हसत हसत म्हणतात, "सासूची मांजर सुनेनं घालवली." ती सून, म्हणजे माझी बायको, आता नाही. मांजर तिनं घालवली नव्हती.

मी हळदीच्या पेढीवर कारकून होतो. वडील गेल्यावर आईला मेढ्याजवळच्या गावातून आमच्या दोन खोल्यांत आणलं. त्यात तिची म्हणावी अशी जागा एकच, चुलीपुढचा पाट. एक मांजर कुठूनशी आली आणि चुलीशेजारच्या कोमट राखेत झोपू लागली. सकाळी आई तिला उचलायची, अंगावरची राख झटकायची. "ऊठ गं बाई, जाळ करायचाय." माझ्याशी ती दिवसभरात बोलत नसेल तेवढं त्या मांजरीशी बोलायची.

गॅस बसवणारा म्हणाला, शेगडी टाकीपेक्षा उंच हवी. म्हणून ओटा बांधला. चूल मी माझ्या हातानं फोडली. आईच्या गुडघ्यांना उभं राहणं जमत नाही, हे ओटा बांधून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. स्वयंपाक बायकोकडे गेला. आई भिंतीला टेकून तिच्या पाठीकडे बघत बसायची. मांजर गार कोपरा हुंगून परत यायची आणि आईच्या मांडीवर चढायची.

मग आईनं धोशा लावला. "परसात एक चूल मांड रं. मला नगं, हिला ऊब पायजे."

"गॅस घेऊन चूल? शेजारी हसतील."

"हसू देत. त्यांच्यात कुठं मांजर हाय?"

पेढीवर मी गॅसच्या बढाया मारल्या होत्या. आता परसात धूर निघणार, ही कल्पनाच मला सोसेना. शेवटी मनात आलं, मांजरच नसली तर चूल कुणासाठी मागेल?

एका रविवारी दुपारी आई देवळात गेली होती. मी मांजर पोत्यात घातली, सायकलला बांधली आणि कृष्णेचा पूल ओलांडून सांगलीवाडीच्या उसाजवळ पोतं मोकळं केलं. ती पळाली नाही. सायकलच्या चाकाशी अंग घासत राहिली. मी पाय आपटले, टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठं उसात शिरली.

घरी बायकोनं रिकामं पोतं बघितलं. तिला सगळं कळलं.

"आत्यांना काय सांगणार?"

"काही नाही. तूही सांगू नकोस."

पोत्यात मांजरीनं घाण केली होती. बायकोनं ते धुतलं आणि दोरीवर टाकलं. तेवढ्यात आई आली. मांजरीला हाका मारत दोन्ही खोल्या फिरली, परसात गेली आणि ओल्या पोत्यापाशी थांबली.

"पोतं का धुतलंस गं?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. वाचत नव्हतो, तोंडापुढे धरला होता.

"घाण झालं होतं, आत्या."

"व्हय. माजीबी अडचण व्हायला लागली की त्यातच घाल मला."

मी पेपर खाली केला असता तर एवढ्यावर भागलं असतं. मी तो केला नाही. नंतर बायकोनंही कधी तोंड उघडलं नाही. का, ते मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर मला उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्या दिवसापासून आई सुनेच्या हातचा चहा घेईना. भाकरी खायची, कारण इलाज नव्हता. चहा मात्र मीच करून द्यायचा, असा तिचा हट्ट. शेजारणींना सांगायची, "सून मनानं खोटी, पोरगं माजं सोनं हाय." बायको ओट्याशी उभी राहून ते ऐकायची.

आई अंथरुणाला खिळली तरी हे बदललं नाही. तिचं सगळं अंथरुणातलं बायकोनंच केलं. चहाची वेळ झाली की मी कपबशी घेऊन जायचो. आई दोन घोट घ्यायची आणि म्हणायची, "तुज्या हातचा च्या लय ग्वाड लागतो रं."

तो चहा बायको करायची. दाराआडून कप माझ्या हातात द्यायची आणि आईचा आवाज येईस्तोवर तिथंच उभी राहायची. मला तेव्हा गॅस पेटवतासुद्धा येत नव्हता.