अप्पांनी आधीच बोलावलेली माणसं

नाशिकहून उजाडायच्या आत निघालो तेव्हा माझ्या मांडीवर अक्षतांची डबी होती आणि डोक्यात एकच विचार होता, रात्रीच्या आत घरी परत. गाडी केतकी चालवत होती. केतकी माझी मुलगी, आणि लग्न तिचंच. 'जी माणसं मला नावानं ओळखतात तेवढीच बोलवायची,' अशी तिची अट होती आणि मी तिला तसा शब्द दिला होता. आमच्या किनाऱ्यावर फोनवरचं आमंत्रण म्हणजे न दिलेलंच. म्हणून चिंचणीत चुलतभावाचं आणि दांडीत हिराबाईंचं, एवढीच दोन घरं करायची ठरवली होती.

माझे वडील, अप्पा, गेल्या वर्षी गेले. जन्मभर त्यांनी मच्छीमारांना जाळी विकली. वेरावळपासून रामेश्वरपर्यंत एक बंदर असं नव्हतं जिथं त्यांच्यासाठी पाट मांडला जात नसे. त्यांनी माणसं जोडली, असं सगळे कौतुकानं म्हणतात. जोडली त्यांनी, जेवायला घातली आम्ही.

जव्हारचा घाट बरा गेला. मनोरला चहा घेतला. बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि तिथंच चाक बसलं. पंक्चरवाला वाकून काम करता करता माझ्याकडे दोनदा बघून म्हणाला, "आप चिंचणीवाले अप्पाजी के बेटे हैं ना? नाक वही है."

मी नाकावर हात फिरवला.

"और ये केतकी बिटिया. शादी पक्की हो गई? अप्पाजी बोल के गए हैं, पूरी दुकान को आना है."

"कब बोला था?"

"बहुत पहले. तब ये स्कूल में थी."

लग्नाचा पत्ता नव्हता, नवऱ्याचा पत्ता नव्हता, आणि आमच्या तीर्थरूपांनी आमंत्रणं सुरू केली होती. केतकीनं माझ्या डबीतल्या अक्षता काढून त्याच्या हातावर ठेवल्या. तो तिला नावानं ओळखत होता, त्यामुळे मला बोलायची सोय नव्हती.

चिंचणीला चुलतभावाकडे उकडहंडी (मातीच्या मडक्यात कंद आणि पापडी घालून शिजवतात ती) तयार होती. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच ओसरीवर शेजारपाजार जमला. केतकीला लहानपणी कैऱ्या खाऊन काय झालं होतं, पोहायला कोणी शिकवलं, आंबोळी कशी लागते, सगळ्यांना सगळं ठाऊक. माझ्या मुलीबद्दल इतकं तर मला माहीत नव्हतं. "अप्पांनी सांगितलंय" हे शब्द मी इतक्यांदा ऐकले की शेवटी हंडीची चव लागेना. निघताना भावानं चिकूची पेटी डिकीत टाकली.

दांडीला हिराबाई काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. अप्पांच्या जाळ्यांची ही सर्वात जुनी गिऱ्हाईक.

"आमी सगली येनार," त्या म्हणाल्या. "टेम्पो सांगून ठेवलाय."

"अहो, हॉल लहान आहे."

"मंग भायेर बसू. आमाला वाऱ्यात बसायची सवय हाय." मागच्या सीटवर त्यांनी सुक्या बोंबलांचं गाठोडं ठेवलं आणि त्याच क्षणी गाडी त्या गाठोड्याची झाली. मग खिडकीत वाकून म्हणाल्या, "एडवनच्या वसंताला बोलवलं काय? तुजा बाप त्याला सोडून सगल्यांना सांगून गेला."

केतकीनं विचारलं, "वसंत कोण?"

ते मला गाडीत सांगावं लागलं. वसंतकाका अप्पांचे जिवलग मित्र. एकदा दोघं रेल्वेनं वेरावळला निघाले असताना अप्पा सुरतेला चहासाठी उतरले, कोणाशी तरी गप्पांत रंगले आणि गाडी सुटली. तिकिटं अप्पांच्या खिशात, सामान वसंतकाकांच्या गळ्यात. टीसीनं काकांना उतरवलं. एवढ्यावर भागलं असतं, पण अप्पा ती गोष्ट घोळवून घोळवून सांगत राहिले, आणि एकदा काकांच्या मुलाच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर, टीसीच्या नकलेसकट सांगितली. त्या दिवसापासून बोलणं बंद. केतकी तेव्हा जन्मलीही नव्हती.

पालघरहून नाशिकचा रस्ता सोडून केतकीनं गाडी सरळ एडवणकडे घेतली. मी चिडलो. परतीची वेळ झाली, ते तुला ओळखतसुद्धा नाहीत, तुझीच अट, असं सगळं बोलून झालं. तिनं गिअर बदलला. अप्पाही असेच सगळं ऐकून घेऊन स्वतःचंच करत.

वसंतकाका पानवेलीच्या वाडीत पानं खुडत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. केतकीकडे बघून विचारलं, "ही कोन?"

ती पुढे झाली. "अप्पांची नात. माझं लग्न आहे. आजोबांनी सांगितलंय, तुम्ही यायलाच हवं."

"कदी सांगितलं त्यानं?"

"जायच्या आधी."

"खोटं बोलतेस."

"हो," केतकी म्हणाली.

काकांनी हातातली पानं एकावर एक लावून बाजूला ठेवली. मग त्यांनी हात पुसला आणि अक्षतांसाठी पुढे केला.

"नाव काय तुजं?"

"केतकी."

"येईन. पन गाडीची ती गोष्ट तितं मी सांगनार. तुज्या आज्याला धड सांगताच आली नाय कदी. सुरत नव्हतीच ती. वलसाड होतं."

परतताना घाटात अंधार पडला. गाडीत बोंबलांचा वास भरला होता आणि केतकी मोठ्या हॉलबद्दल बोलत होती. मी हो हो म्हणत होतो. अप्पांवरचा माझा राग अजून पुरता गेला नव्हता. पण मांडवात वसंतकाका 'वलसाड' म्हणतील आणि 'सुरत रे, सुरत' म्हणत त्यांना मधेच तोडायला कोणी नसेल, हे त्या अंधारात मला पहिल्यांदा नीट कळलं.