चंदामावशींचे तळवे

चंदा कोळी मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. गेली तीस वर्षं ती सीवूड्सच्या बाजारात मासळी विकते आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं तिने अनवाणी काढली. ओल्या फरशीवर चप्पल घसरते, असं तिचं म्हणणं. आठ वर्षांपूर्वी शुगर निघाली, तेव्हा तिने भात कमी केला, गोळ्या सुरू केल्या, पण पायांकडे काही लक्ष गेलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी गीतांजली देशमुख कोळंबी घ्यायला आली. ती चंदाचं जुनं गिऱ्हाईक. चंदा पाटावर बसून कोळंबी सोलत होती. गीतांजली फरशीकडे बघत म्हणाली, "मावशी, हे रक्त कुठून आलं? कोळंबीचं तर नाही."

चंदाने पाय उचलून पाहिला. टाचेत शिंगाळ्याचा काटा घुसला होता, चांगला बोटाच्या पेराएवढा. शिंगाळा मासा तिने आदल्या दिवशी कापला होता.

"मना काय बी दुखत नाय," ती म्हणाली.

"दुखत नाही, हेच तर वाईट आहे," गीतांजली म्हणाली आणि तिला तशीच रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर वैशाली सावंतांनी काटा काढला, जखम धुतली. मग चंदाला डोळे मिटायला सांगून त्यांनी नायलॉनचा एक दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. लागलं की 'हो' म्हणायचं होतं. चंदा वाट बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, "कवा लावताव?"

"दहा वेळा लावून झाला," डॉक्टर म्हणाल्या. "शुगरने पायाची जाणीव कमी झाली आहे, मावशी. आता पाय ओरडून सांगणार नाहीत. तुम्हीच रोज बघायचं."

ती घाबरली. जखम भरायला सहा आठवडे लागले आणि तोवर बाजार बंद. मात्र त्या सहा आठवड्यांत घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. तळवा तिचा तिला नीट दिसेना, म्हणून रोज संध्याकाळी नवरा जानू चष्मा लावून तिच्या पायाशी बसू लागला. बोटांच्या बेचक्यांत बघायचं, पाणी राहिलं असेल तर टिपून घ्यायचं, कुठे लाली किंवा फोड आहे का ते पाहायचं. पहिल्या दिवशी त्याने आधी दार लोटून घेतलं.

"लाजताव कशाला?" चंदा म्हणाली. "लग्नात मी तुमच्या पाया परले. आता तुमची पाली."

बाजारात ती परतली ती सुती मोजे आणि मापाचे गमबूट घालून. बायका हसल्या. बूट घालण्याआधी ती आत हात घालून चाचपते, यावर तर जास्तच हसल्या. एके दिवशी तिच्या हाताला खेकड्याची तुटलेली नांगी लागली. तिने ती सगळ्यांना दाखवली आणि हसणं थांबलं.

बर्फवाला अंकुश हे सगळं लांबून ऐकत होता. त्यालाही शुगर. दिवसभर बर्फात वावरून पाय गारठतात, म्हणून तो रोज कढत पाण्यात पाय सोडून बसायचा. चंदाने त्याला चप्पल काढायला लावली. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड होता.

"ह्यो कदीचा?"

"फोड? कुठं?" अंकुश म्हणाला.

चंदाने टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि त्याला डॉक्टर सावंतांकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, आठ दिवस उशीर झाला असता तर अंगठा गेला असता. अंकुश आता पाण्यात आधी कोपर बुडवून बघतो. त्या मासळी बाजारात आज कुणी लंगडताना दिसलं, की चंदा हाक मारते, "ये, इकरं ये. दाव पाय."

मासेमारीला गेला, की जानू चार-चार दिवस घरी नसतो. तेव्हा चंदा हातआरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या पाच जणींना तिने वाण म्हणून छोटे आरसेच वाटले. पूर्वी नावाची शेजारीण आरशात बघून टिकली नीट करू लागली.

"त्वांड नंतर बघ," चंदा म्हणाली. "आदी खाली धर."

आणि पाचही जणी पैठण्या सावरत ओटीवर बसून आपापले तळवे बघू लागल्या.