लाइट गेली की आई पहिला प्लग कशाचा काढते?

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितोय.

बाबा इन्सुलिन घेतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी अंबडच्या कंपनीतून रोज घरी फोन करतो. आज फोन बंद. परत लावला, बंदच. आई-बाबा दोघांकडेही मोबाइल नाही.

आमचा घरचा फोन आता इंटरनेटवर चालतो. मोबाइल कंपनीने एक डबा दिलाय, त्यालाच फोन जोडलेला. लोडशेडिंगमध्ये बंद पडू नये म्हणून त्याचा प्लग मी मुद्दाम इन्व्हर्टरवर घेतलाय. मग बंद कसा?

गाडी काढली आणि सिग्नल न बघता पंचवटीतलं घर गाठलं.

बाबा जमिनीवर, घामाने चिंब, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारी आई रिसीव्हर कानाला लावून बटणं दाबत बसलेली. "अरे, केव्हाची लावतेय तुला! यातून आवाजच येत नाहीये."

इन्सुलिनमुळे शुगर उतरली होती; बाबांच्या जिभेवर साखर चोळली. जरा वेळाने त्यांनी मला हाक मारली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. डॉक्टरही बघून गेले, आता बरे आहेत.

मग डब्याकडे लक्ष गेलं. प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"लाइट गेली ना रे," आई म्हणाली. "परत येताना झटका येतो, वस्तू जळतात. टीव्ही, फ्रिज, सगळ्यांचे प्लग काढते मी. तुझा डबा महागाचा, त्याचा तर सगळ्यात आधी."

ओरडणार होतो. तिच्या हातात रिसीव्हर अजून तसाच होता.

तुमची आई कशाचा काढते? आजच विचारा.