खोगीर तयार होतं

माझी आत्या एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात शिलाईवर होती. बुटाचा वरचा भाग शिवायचा, एवढंच काम. पण हात असा की ती निवृत्त झाल्यावरही कारखान्यातल्या मुली कुठे अडलं की घरी यायच्या, आणि आत्या चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांच्यावर खेकसायची, "अगं, टाका ओढायचा असतो, आवळायचा नसतो! कातड्याचा गळा दाबताय का?"

तिचे यजमान लवकर गेले, माझी आईही लवकर गेली, आणि दोन अर्धी घरं मिळून आमचं एक घर झालं. बाबा, आत्या आणि मी. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी लहान. शहराच्या टोकाला घोडेस्वारीची एक शाळा होती, तिथे ते शिकवायचे. घरी आले की आधी त्यांचा वास यायचा, मग ते.

निवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात आत्याने घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात तिने माझं कपाट आवरलं, तेव्हा मी रडकुंडीला आले. बाबांनी धोका ओळखला. एका संध्याकाळी ते शाळेतून गोणीभर तुटकं सामान घेऊन आले. लगाम, पाय अडकवायच्या रिकिबींचे पट्टे, घोड्याच्या पोटाखालून आवळायचे तंग. गोणी तिच्यापुढे ओतून म्हणाले, "हे घे ताई, आणि आता आमचा पिच्छा सोड."

त्या दिवसापासून आमचं जेवणाचं टेबल अर्धंच जेवणाचं राहिलं. उरलेल्या अर्ध्यावर आरी, सुया, मेण आणि चिंध्या. चुकून हात पुढे गेला तर चटणीऐवजी मेणाचा गोळा हातात यायचा.

काम ती मन लावून करायची. आधी सगळ्या बकली सोडायच्या. कोमट पाण्याने मळ पुसायचा, बाबांच्या जुन्या बनियनच्या तुकड्याने साबणाचा फेस छोट्या छोट्या गोलांत चोळायचा, मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर कातडं पापडासारखं कडक होतं, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. वाळल्यावर तेलाचा हात, अगदी पातळ. आणि मग शिलाई. कुजलेला दोरा चिमट्याने उपसायचा, आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी जुन्याच भोकांतून शिवत जायचं. नवी भोकं पाडायची नाहीत. "पाडलीस तर पोस्टाच्या तिकिटासारखा फाटेल पट्टा," ती म्हणायची, "आणि वरचा माणूस खाली."

बाहेर कुणी खोगीरभरती म्हटलं की लोकांना बिनकामाच्या माणसांची गर्दी आठवते. आत्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. खोगिरातली जुनी, गोळे झालेली लोकर उपसून नवी भरणं हे सगळ्यात अवघड काम. एका बाजूला मूठभर जास्त गेली तर घोड्याची पाठ सोलवटते. "ज्यांनी हा शब्द काढला ना, त्यांना एकदा भरती करायला बसवा म्हणावं," ती म्हणायची.

हळूहळू दुरुस्तीच्या पुढचं काम यायला लागलं. एका मुलीच्या डाव्या हाताला पकड नव्हती. आत्याने तिच्या लगामाला वीतवीत अंतरावर चामड्याच्या कड्या शिवून दिल्या, म्हणजे मनगट अडकवून धरता येईल. एका गृहस्थाचं पाऊल रिकिबीतून पुढे निसटायचं. त्याला तिने रिकिबीपुढे बुटाच्या नाकासारखी टोपी शिवून दिली. इथे कारखाना कामी आला. बाबा घरी येऊन सांगायचे, "ताई, तो माणूस आज दोन फेऱ्या घोडा पळवत गेला." आत्या नुसती हं म्हणायची, पण त्या दिवशी भाजीत मीठ हमखास जास्त पडायचं.

बाबा एकसष्टाव्या वर्षी पडले. घोड्यावरून नव्हे, न्हाणीघरात. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आत धातूचा सांधा बसला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत नीट चालाल. घोड्याचं म्हणाल तर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पडलात तर मात्र पुन्हा जोडणं कठीण."

घरी येताना गाडीत बाबा खुशीत होते. "हो म्हणाले," ते म्हणाले.

"कधी म्हणाले?" आत्याने विचारलं.

"पडू नका म्हणाले. म्हणजे बसा, पण पडू नका."

दोन महिन्यांनी त्यांनी शाळेतून स्वतःचं खोगीर मागवून घेतलं. तीस वर्षं वापरलेलं, काळपट तपकिरी. त्यांची घोडी ठमी, बावीस वर्षांची. शाळेच्या कामातून तिला केव्हाच सुट्टी दिली होती, पण बाबा रोज तिच्यावर बसून तिला मोकळ्या मैदानात एक फेरी मारून आणायचे. आता एवढीच फेरी त्यांना परत हवी होती. त्यांनी एका कागदावर चित्र काढून आत्याला दिलं. उजव्या मांडीखालची जाडी उतरवायची, कारण पाय आता तेवढा फाकत नव्हता. गुडघ्यापुढे मऊ उशी. समोर धरायला चामड्याची मूठ. भरती सगळी नवी.

"किती दिवस लागतील?"

"सहा आठवडे," आत्या म्हणाली.

"ठमीला सांगून ठेवतो," बाबा म्हणाले, आणि खरंच शाळेच्या मालकांना फोन लावून म्हणाले की तिच्या कानात सांगा.

आत्याने खोगीर उसवलं. काम झपाट्याने चाललं होतं. मग एका दुपारी मी औषधांच्या दुकानातून, म्हणजे माझ्या नोकरीवरून, लवकर आले तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडावर धरून उभी होती. बैठकीच्या खोलीत बाबा सोफ्याच्या हातावर घोड्यासारखे बसायचा सराव करत होते. काठी बाजूला टाकलेली. उजवा पाय वर गेला, अर्ध्यात अडकला, आणि ते कलंडले. नशिबाने सोफ्यावरच. त्यांना वाटलं कुणी पाहिलं नाही. उठले, कपडे झटकले, आणि पुन्हा पाय वर घेतला.

आत्या तशीच मागे फिरली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. स्वच्छ भांडी.

त्यानंतर काम रखडायला लागलं. सहा आठवडे झाले तेव्हा लोकर मिळत नव्हती. लोकर मिळाली तेव्हा रंग जुळत नव्हता. रंग जुळला तर दोरा हलका निघाला, मागवलाय. बाबा आधी मान डोलवायचे. तिचं काम चोख असतं, वेळ लागणारच, असं मलाच समजवायचे. मग विचारणं कमी झालं. जेवताना टेबलाच्या त्या अर्ध्याकडे एकदा बघायचे आणि ताटात बघायचे.

खोगीर उसवल्यापासून चौथ्या महिन्यात मी पाहुण्यांसाठी जादा रजई काढायला आत्याचं कपाट उघडलं. रजयांच्या मागे जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. चादर सरकवली तर खोगीर. पूर्ण. मूठ शिवलेली, उशा बसवलेल्या, कडा मेणाने घासून गुळगुळीत केलेल्या. इतकं देखणं काम मी तिच्या हातून कधी पाहिलं नव्हतं.

आत्या मागे येऊन उभी राहिली होती.

"कधी झालं?" मी विचारलं.

"सहा आठवड्यांतच झालं." ती पलंगावर बसली. "तू बघितलंस ना त्याला सोफ्यावर? मग? माझ्या हातांनी शिवून त्याला पडायला पाठवू?"

"त्यांना सांग ना तसं."

"सांगितलं तर ऐकणार आहे का तो? तू बोलू नकोस हं. थोडे दिवस जाऊ देत. आपोआप विसरेल."

मी बोलले नाही. मलाही ते सोयीचं होतं. दुकानात मोडलेल्या खुब्यांची माणसं रोज यायची, त्यांच्या गोळ्या मीच मोजून द्यायचे. मी रजई घेतली आणि कपाट लावून टाकलं. हे माझ्या वाट्याचं आहे, ते मी आत्याच्या नावावर टाकत नाही.

बाबा विसरले नाहीत. दर रविवारी मालकांना फोन करून ठमीची चौकशी करायचे. पाय उत्तम सुधारला. काठी सुटली. काठी सुटली त्या दिवशी तरी ती खोगीर काढेल असं मला वाटलं होतं, पण आत्या म्हणाली, "आता तर आणखीच भीती. आता तो थांबणारच नाही."

नवव्या महिन्यात एका सकाळी मालकांचा फोन आला. ठमीच्या पोटात कळा येत होत्या. बाबा रिक्षा करून गेले आणि दुपारी परतले. हातपाय धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "गेली. मी होतो जवळ. फार त्रास नाही झाला."

आत्याच्या हातातली पळी हातातच राहिली.

आठवडा गेला. मग एका दुपारी तिने चादरीतलं गाठोडं आणून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. मला वाटलं ती आणखी एखादी थाप मारेल. बाबांनी चादर काढली. मूठ धरून बघितली. शिवणीवरून अंगठा फिरवला, मग तो अंगठा डोळ्यांजवळ नेला.

"मेणावर धूळ बसलीय ताई," ते म्हणाले. "हे आत्ताचं नाही."

"नाही."

"कधीचं?"

"सात महिने झाले तयार होऊन."

बाबांनी खोगिराच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मी दारात उभी होते. ते चिडतील, ओरडतील, निदान एखादा शब्द तरी टाकतील, असं मला वाटत होतं. आत्यालाही तेच हवं असावं, ती त्यांच्या तोंडाकडे इतकी बघत होती.

"काम फार सुंदर झालंय," बाबा म्हणाले. उठून आपल्या खोलीत गेले आणि दार हलकेच लोटून घेतलं.

त्यानंतर ते चार वर्षं जगले, आणि त्या चार वर्षांत त्यांचा खुबा एकदाही दुखला नाही. तीन मजले दम न घेता चढायचे. जिन्यात त्यांची पावलं वाजली की आत्या हातातलं काम थांबवायची आणि शेवटची पायरी होईपर्यंत सुई तशीच धरून बसायची.

तिने भरपाई करायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एकटीच शाळेत जाऊन मालकांना भेटली, एखादा गरीब घोडा द्या म्हणाली. मालक भला माणूस, लगेच कबूल झाला. पण त्या घोड्याची पाठ ठमीपेक्षा रुंद होती. आत्या घरी येऊन म्हणाली, "भरती पुन्हा काढते. आठ दिवसांत करून देते. चार दिवसांत देते."

"राहू दे ताई," बाबा म्हणाले. "नव्या जनावराशी ओळख करायचा मला आता कंटाळा आलाय."

"तू रागावलायस माझ्यावर."

"नाही गं." ते हसले. "काम रखडलं तेव्हा रागावायला हवं होतं. तेव्हा मला वाटलं, तुला वयानं जमत नाहीये, आणि ते कबूल करायला लाज वाटतेय. म्हणून मी विचारायचं सोडलं."

हे ऐकल्यावर आत्या आत गेली आणि मी तिला पहिल्यांदा मोठ्याने रडताना ऐकलं.

बाबा गेले ते फुप्फुसाच्या दुखण्याने, दवाखान्यात, तीन दिवसांत. पुढच्या वर्षी मालकांनी विचारलं की ते खोगीर शाळेला देता का. एक निवृत्त शिक्षिका शिकायला येतात, त्यांचा उजवा पाय फाकत नाही. आत्याने दोन दिवसांत भरती बदलून दिली. मालकांनी आग्रह केला म्हणून आम्ही दोघी बघायला गेलो.

कुंपणाच्या लाकडी दांड्यावर हात ठेवून आत्या उभी राहिली. शिक्षिकाबाई उंच चौथऱ्यावरून खोगिरावर बसल्या. एका हाताने मूठ घट्ट धरली होती. घोडा चालायला लागला. पहिल्या फेरीत त्या आखडून बसल्या होत्या. दुसऱ्या फेरीत खांदे सैल पडले. तिसऱ्या फेरीत त्यांनी मूठ सोडली आणि आमच्याकडे बघून हसल्या.

"सांगायचं होतं मी त्याला," आत्या पुढे बघतच म्हणाली. "मला भीती वाटते, एवढंच. तो हसला असता. आणि गेला असता बसायला."

मी घोड्याबरोबर वळणाऱ्या बाईंच्या पाठीकडे बघितलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा असेच बसायचे का गं? इतके ताठ?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "तीस वर्षं तो इथे होता. मी एकदाही बघायला आले नाही. वेळच झाला नाही म्हण."

बाईंची चौथी फेरी सुरू झाली. आत्या ती संपेपर्यंत थांबली, त्यानंतरचीही, आणि मालक निघा म्हणून सांगायला आले तरी दांड्यावरचा हात तिने काढला नाही.