गुणाची पोर

नातवंडांनो, काल फोनवर तुमच्या आईनं थायरॉईडच्या गोळीची पट्टी फोडल्याचा आवाज आला आणि तिचं तान्हेपण आठवलं. ती रडायचीच नाही. अमरावतीला माझ्या सासूबाई म्हणत, “मोठी गुनाची पोर हाय, मायले तरास नाई.”

अकोल्याच्या डॉक्टरांनी मात्र तिचे गार पाय चाचपले आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. तपासणीनंतर म्हणाले, “गळ्यातल्या ग्रंथीत एक प्रथिन असतं. त्यावर दुसरं प्रथिन आयोडीन चढवतं, तेव्हा हार्मोन बनतं. हिचं दुसरं प्रथिन बहुधा कामच करत नाही, म्हणून ही अशी सुस्त आहे, रडतही नाही. गोळी आजच सुरू करा, नाहीतर बुद्धी खुंटेल.”

मी रोज गोळी चुरून दुधाच्या थेंबांतून पाजायची आणि धास्तावून तिच्याकडे बघत बसायची.

एका दुपारी तिनं भुकेनं घर डोक्यावर घेतलं. सासूबाई धावत आल्या, “अवं, घे ना तिले! काहून पाहून राहिली?”

“थोडं रडू द्या, आई,” मी म्हणाले.