रोवण्याची गोळी

"गोळी घे वो बाई, अन् उतर बांधीत." ऐंशीच्या दशकात आमच्या गडचिरोलीकडच्या गावात शेताची मालकीण माझ्या आईला असं म्हणायची. धानाची रोवणी असली, बांधीत म्हणजे भातखाचरात दिवसभर वाकायचं असलं की ती बायांसाठी अंगदुखीच्या गोळ्या बांधावर आणून ठेवी. मी लहान होते. मला ती माया वाटायची.

मैत्रिणींनो, आज सकाळी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बीपीच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू आहेत, तरी बीपी उतरत नाही. डॉक्टरीणबाईंनी मीठ, तंबाखू-सुपारीचा खर्रा, झोपेतलं घोरणं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, आणखी कोणतं औषध घेता?"

"नाई वो बाई."

मी म्हटलं, "आई, ती गुडघ्याची गोळी?"

"ते का औषध हाये? ते तं रोवण्याची गोळी हाये. रोज घेतो मी."

त्या गोळीनेच बीपी चढतं, बीपीच्या गोळ्यांचा गुण येत नाही, पुढे किडनीही जाऊ शकते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

आई म्हणाली, "मंग वाकू कशी मी?"

आता बांधी आमचीच आहे. गोळ्या माझा धाकटा भाऊ बाळू आणतो, आणि प्रेमाने आणतो. तेच जास्त लागलं मला. फोन केला तर हसला. "बाया मिळून नाई राह्यल्या, ताई. अन् तिले घरी बसवून पाह्य बरं तू!"

बाळू, तूही ही पोस्ट वाचशील. यंदा आईला बांधीत उतरवू नकोस. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे, तरी सगळ्यांसमोर मागते आहे.